खोटा खोकला

ता. ५ नोव्हेंबर
छातीचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट

चि. ठमीस आशीर्वाद.

मी मेलेलो नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पाकीट फोडायच्या आत तू रडायला बसली असशील. तीन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं. उजव्या फुफ्फुसाचा खालचा तुकडा, ज्यात ती गाठ होती, तो काढला. डॉक्टर म्हणाले, गाठ सगळी निघाली, आजूबाजूला काही पसरलेलं नाही. आता उरलेलं फुफ्फुस नीट फुललं की मी सुटलो. तेवढं एकच काम माझ्याकडे दिलंय. आयुष्यभर विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवली, आता स्वतःला श्वास पुरवायचा.

मी फोन उचलत नाही म्हणून तू सिस्टरांचं डोकं खाल्लंस म्हणे. अगं, बोललं की घसा खवखवतो, खवखवला की खोकला येतो, आणि खोकला आला की बरगड्यांतून कुणी करवत चालवतंय असं वाटतं. म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाइप करायला चष्मा आणि धीर दोन्ही लागतात, सध्या माझ्याकडे नुसता चष्मा आहे. आमच्या कपडेपटातल्या मावशी रोज डबा घेऊन येतात, त्याच पत्र टाकतील.

इथे दुखण्यासाठी एक वेगळी सिस्टर आहे. थट्टा नाही, तिचं कामच ते. येते, खाटेच्या कडेला टेकते आणि विचारते, "शून्य ते दहात किती दुखतंय?" पहिले दोन दिवस पाठीत एक बारीक नळी होती, तिच्यातून औषध जायचं आणि ती बाजू बधिर व्हायची. ती काल काढली. आता साध्या गोळ्या, दुखो न दुखो, ठरल्या वेळेला. आणि शिवाय एक जड गोळी, लागली तर. अफूच्या घराण्यातली आहे, असं सिस्टरनेच सांगितलं. काल संध्याकाळी घेतली. ठमे, काय सांगू! साबणाच्या फेसात बसल्यासारखं वाटलं. दुखणं होतं, पण ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं असावं इतकं लांब गेलं होतं.

तुझ्या कांजिण्या काय म्हणतात? पाळणाघर चालवणाऱ्या बाईने मुलांकडून काय काय घ्यावं याला काही धरबंध? पन्नाशी उलटली तुझी! खाजवू नकोस. भाऊजींना सांग, हिचे हात बांधून ठेवा.

तुझा,
दादा


ता. ७ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. माझ्या पापण्यांवरसुद्धा फोड आलेत, त्यामुळे मी नुसती ऐकते. 'साबणाच्या फेसात' वाचलं आणि हे थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनी माझ्याकडे. मग उरलेलं पत्र भरभर वाचून ते कामावर गेले. हे उत्तर मी एक डोळा उघडून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

दादा, ह्यांचं ते सगळं झालं तेव्हा तू सगळा वेळ नाटकाच्या दौऱ्यावर होतास. तुला वरवरचं ठाऊक आहे, आतलं नाही. ह्यांची पाठ धरली होती, ट्रकवरची ताडपत्री ओढताना. त्या डॉक्टरांनीही असल्याच गोळ्या दिल्या होत्या. सुरुवातीला हेही असंच म्हणायचे, की दुखणं लांब गेलं. नंतर हेच लांब गेले. मोज्यांत गोळ्या, स्टेपनीखाली गोळ्या, पाळणाघरातल्या पावडरीच्या डब्यात गोळ्या. माझ्याशी बोलताना डोळे उघडे, पण माणूस आत नाही. एक दिवस ट्रक शाळेच्या भिंतीत घातला. शाळेला सुट्टी होती म्हणून पोरं वाचली, आणि म्हणूनच मी आज हे पत्र लिहू शकते. मग ते व्यसनमुक्ती केंद्रात राहिले, बाहेर आले, गाडी सोडली आणि स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले. अजून उभे आहेत. पण तो काळ मी विसरलेले नाही, आणि पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

म्हणून दादा, तुला माझ्या गळ्याची शपथ. ती जड गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही. साध्या घे, त्यावर भागव. थोडं सोस. आपली आई दाताखाली पदर धरून सगळं सोसायची, आपण तिचीच पोरं ना?

तू शपथ मोडत नाहीस. लहानपणी मी तुला पाण्यात उतरायचं नाही अशी शपथ घातली होती आणि नंतर "सुटली" म्हणायचं विसरले, तर तू अजून पोहायला शिकलेला नाहीस. म्हणून मला जरा धीर आहे.

तुझी,
ठमी


ता. ९ नोव्हेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

झालं तुझ्या मनासारखं! जड गोळी बंद. सिस्टरने दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणालो. "किती दुखतंय?" म्हटलं, "दोन." आणि ते काही खोटं नाही. हललो नाही तर दोनच असतं. म्हणून मी हलत नाही.

आता तुला एक गंमत सांगतो, कुणाला सांगू नकोस. इथे एक व्यायामवाली मुलगी येते. प्लॅस्टिकचं एक खेळणं देते, नळीतून श्वास ओढून त्यातले गोळे वर चढवायचे. मग छातीशी उशी घट्ट धरायला लावते आणि म्हणते, "आता जोरात खोका, आतून, सगळं बाहेर आलं पाहिजे." मी एकदाच प्रयत्न केला. ब्रह्मांड आठवलं. दुसऱ्यांदा म्हटलं, बाई, नाटकवाल्याला खोकायला सांगतेस?

ठमे, विंगेत बसणाऱ्याला खोकायची बंदी असते. नायिका मरत असते, प्रेक्षक मुसमुसत असतात, आणि विंगेतून "खॉक" आलं तर नायिका उठून बसायची. त्यामुळे खोकला वर यायच्या आत गिळायचा, जीभ टाळूला लावून, पोट आवळून. ही विद्या मला इतकी अंगवळणी पडली आहे की घरीसुद्धा खोकला येत नाही. आणि दुसरी विद्या याच्या उलटी. रंगमंचावरच्या म्हाताऱ्यांना खोटं खोकायला मीच शिकवत आलो. नुसता घसा वापरायचा, खांदे हलवायचे, छातीला हातही लावायचा नाही. पुढच्या रांगेतल्या बायका "अरेरे" म्हणायच्या, ती माझी कर्तबगारी.

तर त्या मुलीला मी तो खोकला दिला. चांगला दोन अंकी. शेवटी जरा डोळेही पुसले. "छान आजोबा!" म्हणाली आणि कागदावर बरोबरची खूण करून गेली. आजोबा म्हणाली ते सोडून देऊ.

छातीत थोडं भरल्यासारखं वाटतं. तेवढं होणारच. मावशी म्हणाल्या चेहरा उतरलाय, पण त्यांना माझा चेहरा रंग लावलेला बघायची सवय.

तुझा,
दादा


ता. ११ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

माझा दादा तो माझा दादा! तुझं पत्र ऐकून माझ्या जिवात जीव आला. फोड आता खपल्या धरतायत, डोळे दोन्ही उघडतात. पाळणाघर पुढच्या आठवड्यात सुरू करता येईल. डॉक्टर म्हणाले, तोपर्यंत दवाखान्याच्या आसपासही फिरकायचं नाही, ऑपरेशनवाल्यांच्या वॉर्डात तर नाहीच. नाहीतर मी कधीच येऊन तुझ्या उशाशी बसले असते.

तुझी खोट्या खोकल्याची गंमत ऐकून मी इतकी हसले की एक खपली निघाली. हे मात्र हसले नाहीत. पत्राची घडी घालता घालता म्हणाले, "खोटा खोकतात, मग खरा जातो कुठे?" मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. त्यांना जुनं आठवत असेल, दुसरं काय.

सोस थोडं. झालंच आता.

तुझी,
ठमी


ता. १२ नोव्हेंबर

ठमे,

लांबलचक लिहवत नाही. तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण थांबत नाही.

परवापासून ताप आहे. छातीचा फोटो काढला. उरलेल्या फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून बसलाय, आत घाण साचून. डॉक्टर म्हणाले, जोराने खोकून ती बाहेर काढा, एक दोन दिवस बघू. नाहीतर घशातून नळी घालून साफ करावं लागेल, आणि तेही नाही साधलं तर पुन्हा टेबलावर. "तुम्हाला दुसऱ्यांदा आत नेणं मला नकोय," असं म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून हे जिवावरचं आहे हे मला कळलं.

दुखण्यावाल्या सिस्टरने मला पकडलं. "किती?" म्हटलं, "दोन." म्हणाली, "मग माझ्यासमोर खोका. घशातून नाही, इथून," आणि माझ्या बरगड्यांखाली हात ठेवला. हाताखाली खोटं चालत नाही गं. खरं खोकायला गेलो, अर्ध्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. ती म्हणाली, "याला दोन म्हणतात? हे नऊ आहे. गोळी घ्या, ती चढली की खोका. नाहीतर हे फुफ्फुस असंच राहील." मी नाही म्हणालो. का, म्हणून तिने तीन तऱ्हांनी विचारलं. काय सांगू? माझ्या या वयात, पिकलेल्या मिशा घेऊन, धाकट्या बहिणीची शपथ आहे म्हणून सांगू?

वेडेपणा आहे हे मलाही कळतं. पण तुझ्या गळ्याची आहे ना. मोडली आणि तुला काही झालं तर, एवढं एक येतं मनात आणि तोंड उघडत नाही.

भीती वाटते ठमे. खरंच वाटते.

दादा


ता. १४ नोव्हेंबर
दवाखान्याच्या खाली, गाड्या लावतात तिथला बाक

ती. दादांस सा. नमस्कार.

मी बिलं लिहिणारा माणूस, पत्रं लिहिणारा नाही. समजून घ्या. पहिल्या बसने आलोय. घरात कांजिण्या आहेत म्हटल्यावर वॉर्डात सोडत नाहीत, बरोबरच आहे. मावशींना खाली बोलावून हे पाकीट वर पाठवतोय. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही "हं" म्हणून ठेवून देता. पत्र असं ठेवून देता येत नाही.

काल तुमचं पत्र आलं. हिने या वेळी स्वतः वाचलं. वाचून भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "मी माझ्या भावाला मारतेय." मी तिला म्हटलं, मारत नाहीस, घाबरली आहेस. घाबरवलेलं मीच आहे. तेव्हा हे मलाच निस्तरू दे.

तिने तुम्हाला माझी गोष्ट सांगितली. खरी आहे, एक शब्द खोटा नाही. पण तिने ती मध्यापासून सांगितली, कारण तिला मधलीच दिसली. सुरुवात मी सांगतो. पाठ धरली तेव्हा त्या गोळ्यांनीच मी उभा राहिलो. त्या नसत्या तर अंथरुणातच राहिलो असतो. गोळीने काम केलं होतं. पण डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दुकानदाराने गोळ्या दिल्या, आणि "आता किती घेतोस, कमी कधी करायची" हे विचारायला कुणी नव्हतं. ब्रेक नसलेली गाडी उतारावर दिली मला. मी जास्त घ्यायला लागलो आणि ते लपवलं. लपवलं तिथे मी गेलो. गोळी घेतली तिथे नाही.

दादा, तुमच्याकडे रोज येऊन विचारणारी बाई आहे. मला मिळाली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिला तुम्ही "दोन" सांगता! मी गोळ्या लपवल्या, तुम्ही दुखणं लपवताय. मला तरी दोन्ही सारखंच दिसतं. तिला खरा आकडा सांगा, ती देईल तेवढी गोळी घ्या, आणि ती म्हणेल तेव्हा कमी करा.

सोबत हिची चिठ्ठी आहे. आधी ती वाचा.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो, हिला कळवू नका. माझी पाठ अजून दुखते. काउंटरवर उभं राहून संध्याकाळी पार मोडते. हिला सांगत नाही. सांगितलं तर ती पुन्हा डबे उघडून बघायला लागेल, आणि तिचा तो चेहरा मला बघवत नाही. हे का लिहिलं कळत नाही. पेन हातात होतं म्हणून लिहिलं.

मी खालीच आहे. वरून काही कळेपर्यंत हलत नाही.

तुमचा,
(नातं तुम्हाला ठाऊक आहे)

(सोबतची चिठ्ठी)

दादा, सुटली. सुटली. सुटली. पाण्यात उतरायचीसुद्धा सुटली. आज तरी माझं ऐक. गोळी घे आणि खोक. माझ्या गळ्याला काही होत नाही, रडून रडून बसलाय तेवढाच. ठमी


ता. १४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय भाऊजी,

घेतली. सिस्टरला शपथेचं सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही, म्हणाली, "माझ्या आईनेही मला अशा शपथा घातल्यात." मग घड्याळ बघून गोळी चढेपर्यंत थांबली, व्यायामवालीला बोलावलं, माझ्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "आता विंगेतले नाहीत तुम्ही."

खोकलो. दुखलं, नाही असं नाही, पण मधेच सोडून द्यावं लागलं नाही. तळापासून खोकलो. काय बाहेर आलं ते लिहीत नाही, तुम्ही जेवला नसाल. मावशी खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, आवाज खाली गेला आणि तुम्ही बाकावरून उठून उभे राहिलात.

आता घरी जा. ठमी जेवली नसेल. तुमचं जे माझ्याकडे ठेवलंत, ते ठेवलंय.

तुमचा,
दादा


ता. २० नोव्हेंबर
माझं घर, माझी खुर्ची

चि. ठमीस आशीर्वाद.

घरी आलो! ताप गेला. काल पुन्हा फोटो काढला. मिटलेला भाग उघडलाय, पुरता नाही, पण उघडलाय. डॉक्टर चक्क हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. दुसऱ्या ऑपरेशनचं नाव कुणी काढत नाही आता.

तुझ्या मनात अजून किडा वळवळत असणार, म्हणून सगळं सांगतो. सिस्टरने मला समोर बसवून समजावलं. दुखणं शून्यावर आणायचंच नाही, म्हणाली. खोकता येईल, चालता येईल, झोप लागेल, एवढं खाली आलं की पुरे. साध्या गोळ्या ठरल्या वेळी चालू ठेवायच्या, पायाच त्यांचा. जड गोळी फक्त व्यायामाच्या आधी. चार दिवसांनी निम्मी, मग फक्त सकाळी, मग बंद. मधे जास्त लागली तर तिला कळवायचं, मनाने वाढवायची नाही आणि मनाने एकदम तोडायचीही नाही. आणि माझ्या कागदावर तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, "यांना बसल्यावर विचारू नका, खोकताना विचारा." माझी एवढी मोठी विद्या, आणि तिचा असा बंदोबस्त केला बाईने.

आता जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. रस्त्यात खोकला आला की उभा राहून, उशी नसेल तर पिशवी छातीशी धरून, मनसोक्त खोकतो. लोक बाजूला होतात. होऊ देत.

ठमे, शपथेवरून स्वतःला खात बसू नकोस. तू माया केलीस, मी खुळ्यासारखी पाळली. चूक दोघांत वाटून घेऊ, लहानपणी गोळ्या-बिस्किटं वाटायचो तशी. मोठा तुकडा मला.

तुझा,
दादा


ता. २७ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

हे पत्र तुम्हालाच, ठमीला नाही. तुम्हाला सांगितलं तर समजेल म्हणून.

नाट्यगृहात नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. माझ्या खुर्चीत एक मुलगी बसवली आहे. चांगली आहे म्हणे, आवाज स्वच्छ आहे. मावशी अगदी सहज बोलून गेल्या. काल दुपारी घरात एकटा होतो. छाती बरी होती, व्यायाम झालेला होता. आणि मी उठून जड गोळी घेतली. भाऊजी, खरं सांगतो, छाती दुखत नव्हती. दुसरंच काहीतरी दुखत होतं. आणि तेही लांब गेलं, तो साबणाचा फेस आला, आणि मी खुर्चीत बसून राहिलो, फार छान वाटलं.

आज सकाळी उठल्यावर घाम फुटला. आज पुन्हा घ्यावीशी वाटतेय. आता तुमची गोष्ट मला सुरुवातीपासून कळली. मी चाललोय का त्या रस्त्याने? लाज वाटते विचारायला, पण तुम्हीच म्हणालात लपवू नका.

तुमचा,
दादा


ता. २९ नोव्हेंबर

ती. दादांस सा. नमस्कार.

तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलंत. मी कळवलं होतं शाळेची भिंत पडल्यावर. त्या रस्त्याचा फाटा तुम्हाला दिसलाय, वळला नाहीत अजून. घाबरा, पण घाबरून बसू नका. सांगतो तसं करा.

पत्र वाचून झालं की दुखण्यावाल्या सिस्टरला फोन लावा आणि मला लिहिलंत तेच शब्द तिला सांगा. ती ओरडणार नाही. ओरडली तर माझं नाव घ्या. गोळ्यांचं पाकीट मावशींच्या ताब्यात द्या, व्यायामाआधीची तेवढी त्या काढून देतील. यात कमीपणा नाही. मीही माझा पगार वर्षभर हिच्या हातात द्यायचो. मर्दुमकी दाखवून आजच सगळं बंद करू नका, सिस्टर सांगेल तसंच उतरवा.

आणि नाट्यगृहात जा. खुर्ची गेली म्हणून घरात बसलात तर दुपारी फार मोठ्या होतात. गाडी सोडल्यावर मला कळलं. त्या मुलीला कुठे थांबायचं, नट कुठे अडखळतो, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? गोळी त्यावर लागू पडत नाही दादा. मी सगळ्या मापात घेऊन पाहिलीय.

तुमचा


ता. ९ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

सिस्टरला त्याच दिवशी सांगितलं. ओरडली नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि उतरवायचा हिशोब नव्याने मांडून दिला. दोन दुपारी वाईट गेल्या, अंग मोडलं, चिडचिड झाली, मावशींवर विनाकारण खेकसलो. मग ओसरलं. आज उरलेलं पाकीट दवाखान्यात नेऊन परत दिलं. साध्या गोळ्या आहेत अजून, त्याही कमी होतायत. बरगड्यांत चमक येते, गार वारा सुटला की जास्त. पण माझी मलाच ऐकू येते, शेजारच्या खाटेवर नाही. आणि फुफ्फुस, भाऊजी, पूर्ण फुललंय! डॉक्टरांनी फोटो खिडकीपाशी धरून दाखवला.

नाट्यगृहात जातो. त्या मुलीच्या मागे स्टूल टाकून बसतो. ती फार घाई करते, नटाला विसरायला वेळच देत नाही.

आता तुमचं. तुम्ही माझ्याकडे ठेवलेलं मी कुणाला दिलेलं नाही. पण मला दुखणं लपवू नका म्हणून बसने धावत येणारा माणूस रोज संध्याकाळी बायकोसमोर हसत उभा राहतो, हे मला पटत नाही. मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. ती घाबरेल. घाबरू दे. तिच्या भीतीपायी मी जवळजवळ गेलो होतो आणि तिच्याच चिठ्ठीने परत आलो. तुम्हाला वाटते तेवढी ती लेचीपेची नाही.

तुमचा,
दादा


ता. १५ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

तुला ठाऊक होतं ना? आता नाही म्हणू नकोस, ह्यांनी सगळं सांगितलं. मी रागावलेले नाही. रागावले होते, काल सकाळपर्यंत.

परवा जेवताना हे म्हणाले, "पाठ दुखतेय गं." मी म्हटलं, आज फार वेळ उभं राहिलात का? तर म्हणाले, "आजचं नाही. इतकी वर्षं दुखतेच आहे." दादा, मी पहिली गोष्ट काय केली असेल? पानावरून उठले. कपाटाकडे गेले. हात आपोआप कपड्यांच्या घड्यांखाली गेले. ह्यांनी पाहिलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "बघ. सगळं बघ, सावकाश. काही सापडायचं नाही. झालं की इथे येऊन बस."

मी बघितलं. लाज वाटते, पण खरं सांगते, खालच्या खणापर्यंत बघितलं. काही नव्हतं. मग येऊन बसले. आणि हे बोलत राहिले. कुठे दुखतं, कसं बसलं की कमी होतं, सकाळी बूट घालताना काय होतं. पाळणाघरातली पोरं पाठीवर चढतात तेव्हा हे हसत असतात ना, तेव्हा दात आवळलेले असतात. मी आपली कौतुकाने बघत होते, की माझा माणूस किती बरा झाला. जेवण गार झालं, कुणी उठलं नाही. मी रडले. तेही रडले, तुला सांगू नको म्हणालेत.

उद्या आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातोय. मीही आत बसणार आहे. ह्यांचं जुनं सगळं आधीच सांगायचं ठरवलंय, म्हणजे ते बघून उपाय करतील, व्यायाम, शेक, जे असेल ते. निघायच्या गोष्टी ठरवून झाल्या. मग हे म्हणाले, "आणि त्यांनी एखादी जड गोळी दिलीच तर?"

मी म्हटलं, "तर मला सांगून घ्या."

म्हणाले, "आणि तू घाबरलीस तर?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला दादा. मग म्हटलं, "तर मीही तुम्हाला सांगेन."

तुझी,
ठमी